फेकोबाचे देवस्थान

चराचर हे ज्याचे अंगण, कोटी जीव हे ज्याचे सवंगडी, जो सर्वांना खेळवितो आणि स्वतः कधी बाद होत नाही, त्या जगजेठीला साष्टांग दंडवत. बाळांनो, मांडी घालून बसा. चुळबुळ करायचीच असेल तर कथा संपल्यावर करा. तेव्हा तिला काही कारण तरी असेल.

एका जंगलात दीर्घबाहू नावाचा वानर राहत होता. त्या जंगलाचा नदीपलीकडच्या जंगलाशी दरवर्षी फाल्गुनात एक सामना होई. खेळ सोपा होता. एक वाळका दुध्या भोपळा घ्यायचा आणि माळाच्या दुसऱ्या टोकाला, प्रतिपक्षाच्या वडाला नेऊन टेकवायचा. जो जिंके, त्याची प्रजा उन्हाळाभर डोहावर आधी पाणी पिई. हरणारी नंतर पिई. नंतरचे पाणी म्हणजे काय, हे बाळांनो, म्हशी उठून गेलेल्या डबक्याला विचारावे.

दीर्घबाहू हा संघाचा फेक्या होता. पुढे गव्यांची भिंत उभी राही. भिंत लढे, भिंत रक्तबंबाळ होई. भिंतीच्या मागे दीर्घबाहू शांतपणे नेम धरी आणि भोपळा फेकी. चपलक नावाचा खोकड पुढे पळत जाऊन तो वरच्यावर दातांत झेली.

एका फाल्गुनात त्याने असा भोपळा फेकला, की तो अवघा माळ ओलांडून थेट वडापाशी गेला. चपलकाने झेलला, टेकवला, सामना जिंकला. त्या दिवशी पाठीमागून सोसाट्याचा वारा होता. पण वाऱ्याचा जयजयकार करण्याची पद्धत कोठेच नसते. गव्यांच्या बरगड्या मोडल्या होत्या. त्यांना झाडपाल्याचा लेप मिळाला. दीर्घबाहूला मिरवणूक मिळाली.

जेथे भोपळा झेलला गेला, तेथे कोणीतरी खूण म्हणून एक दगड ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याला शेंदूर लागला. तिसऱ्या दिवशी दृढा नावाची घोरपड त्याला येऊन चिकटली आणि म्हणाली, “मी पुजारीण.” दगडाचे नाव पडले फेकोबा. फेकोबाला प्रदक्षिणा घालून मस्तक टेकविल्यावाचून कोणी पुढे जाऊ नये, असा नेमही ठरला. नेम कोणी केला, हे कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणूनच तो सर्वांनी पाळला.

ठिकाण पलीकडच्या जंगलाच्या वडासमोर होते. तरी त्यांनी हरकत घेतली नाही. प्रतिपक्ष हरकत घेत नाही तेव्हा सावध व्हावे, हे त्या जंगलात कोणी शिकविले नव्हते.

दीर्घबाहूला आनंद झाला. तो रोज पहाटे स्नान करून स्वतःच्याच दर्शनास जाई. प्रसादाचे केळेही घेई. “काय तेज आहे मूर्तीवर!” असे तो दृढेला म्हणे, आणि हळूच आपल्या गालावरून हात फिरवी.

वय तर झालेच होते. पुढचा फाल्गुन येण्याआधीच सरावात फेकताना त्याचा खांदा निखळला. सिंहमहाराज वज्रनख म्हणाले, “हात गेला, हरकत नाही. जीभ शाबूत आहे. तुम्ही आता आमच्या संघाचे गुरुजी.” बसायला सावलीतला सपाट खडक मिळाला. फळांचा पहिला वाटा मिळाला. फेक्याच्या जागी तरणा सुबाहू आला. त्याचा नेम गुरुजींपेक्षा बरा होता. पण हे बोलून दाखविणे शिष्टसंमत नव्हते.

पहिला सामना झाला. सुबाहूने भोपळा फेकला. चपलकाने झेलला. वड चार उड्यांवर होता. तोच वाटेत फेकोबा आला. चपलक थांबला. त्याने प्रदक्षिणा सुरू केली. तो मस्तक टेकवीत असताना पलीकडच्या रानमांजराने त्याच्या तोंडातून भोपळा काढून घेतला आणि माळ पार केला.

सामना गेला. दीर्घबाहू खडकावर बसून डोळे पुसत होता. “हरलो खरे,” तो म्हणाला, “पण निष्ठा पाहा पोरांची!”

दुसऱ्या वर्षीही तसेच घडले. या वेळी डोळे पुसायला कोणाला सवड नव्हती. चैत्रापासून डोहावर चिखल उरू लागला. हरिणी पाडसांना ओल्या वाळूचा वास देऊन निजवू लागल्या. दीर्घबाहूच्या स्वतःच्या नातीची जीभ टाळूला चिकटली. वज्रनखांनी त्याला बोलावले.

“गुरुजी, यंदा हरलात तर खडक सोडायचा. आणि जंगलही.”

दीर्घबाहूचे डोळे उघडले. तो तडक सरावाच्या जागी गेला.

“चपलका, यंदा झेललास की सरळ वड गाठायचा. प्रदक्षिणा सामना संपल्यावर.”

चपलकाने कानांना हात लावला. “शिव शिव! देवाला ताटकळत ठेवायचं?”

“अरे खुळ्या, तो देव म्हणजे मीच! मीच सांगतोय, थांबू नकोस!”

चपलकाने त्याच्याकडे करुणेने पाहिले. “गुरुजी, राग मानू नका. फेकलात तुम्ही. पावला तो.”

“माझाच दगड ना रे तो?”

“तुमचा असता तर तुमच्यासारखाच घरी बसला असता. तो अजून मैदानात आहे.”

दीर्घबाहू दृढेकडे गेला. ती दगडाला चारही पायांनी धरून डोळे मिटून पडली होती.

“दृढाबाई, देवाला जरा बाजूला घेऊ. चार हात. नदीकाठी उत्तम जागा आहे, गार वाराही येतो.”

“तुम्ही कोण सांगणार?”

“मी कोण? बाई, माझ्या नावाने तुम्ही केळी खाता!”

दृढेने एक डोळा उघडला. “तुमचा खांदा एका फेकीत निखळला. देवाचा कधी निखळलाय? मग मोठं कोण? उगाच बरोबरी करू नये माणसानं… वानरानं.” आणि तिने डोळा मिटला.

बाळांनो, सामन्याच्या सकाळी दीर्घबाहू एकटाच माळावर गेला. नातीची कोरडी जीभ त्याच्या डोळ्यांपुढे होती. त्याने धड हाताने दगड ओढला. दगड हलला. शेंदूर गळून पडला. आत साधा काळा फत्तर निघाला. आपण इतके ओबडधोबड असू, असे त्याला वाटले नव्हते.

“देवाला हात लावला हो!” दृढा ओरडली.

गवे धावत आले. दीर्घबाहूचा जीव भांड्यात पडला. जन्मभर आपल्यासाठी बरगड्या मोडून घेणारे हे! तो म्हणाला, “आलात? लावा खांदा.”

गव्यांनी खांदे लावले, पण दगडाभोवती. शिंगे बाहेर करून ते उभे राहिले. त्या भिंतीची पुढची बाजू दीर्घबाहूने आयुष्यात प्रथमच पाहिली.

“गुरुजी,” थोरला गवा नम्रपणे म्हणाला, “मागं व्हा. तुम्हाला लागेल.”

दगड पुन्हा जागेवर बसला. ताजा शेंदूर लागला. सामना झाला. सुबाहूने फेकले, चपलकाने झेलले, आणि देवाची समजूत काढायला म्हणून यंदा दुप्पट प्रदक्षिणा घातल्या. रानमांजर सावकाश चालत आले.

पराभवानंतर दरबार भरला. कारण शोधणे भाग होते. दृढेने ते आणलेच होते. “सकाळी गुरुजींनी मूर्ती हलविली. देव कोपला.”

सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सुबाहू निर्दोष, चपलक निर्दोष, नेमही निर्दोष.

“फेकोबाच्या नावाने,” वज्रनख म्हणाले, “दीर्घबाहूला हद्दपार करण्यात येत आहे.”

“महाराज, फेकोबा म्हणजे…”

“नाव घेऊ नका त्याचे! विटाळाल.”

रिकामा खडक कोणाला द्यावा, यावर चर्चा झाली. मग गुरुपदी फेकोबाचीच नेमणूक झाली. तो सराव घेत नाही, चुका दाखवीत नाही, आणि पहिला वाटा घेतला तरी उरतो. इतका सोयीचा गुरू कोणत्या शिष्याला नको असतो?

दीर्घबाहूने नातीला पाठीशी बांधले आणि नदी ओलांडली. डोहाच्या पलीकडच्या काठावर एक म्हातारे अस्वल बसले होते. वानराने खाली मान घालून नाव सांगितले. त्याला वाटले, आता येथेही दगड मिळणार, फक्त अंगावर.

अस्वल लगबगीने उठले. त्याने वानराचे पाय धरले.

“या, या महाराज! तुमचे खरे भक्त आम्ही. तुमच्या दगडाने आम्हाला दोन उन्हाळे नितळ पाणी पाजले, हा तिसरा. आधी नातीला पाजा. मग आपण प्या. मग आम्ही.”

नात पाण्याला तोंड लावून प्यायली ती श्वास घ्यायलाही थांबली नाही. पाणी असे होते, की तळाचे गोटे मोजावेत. पैलतीरावर आरतीचा गजर चालू होता आणि मधून मधून तहानलेल्या पाडसांचे रडणे ऐकू येत होते. ते मात्र आरतीच्या तालात होते, असे म्हणतात.

तात्पर्य: गुरूचे ऐकू नये, गुरूची पूजा करावी. ऐकल्याने कष्ट पडतात. पूजेने गुरू कायमचा गप्प होतो, शिष्याला सुट्टी मिळते, आणि शेजाऱ्याला पाणी.

ज्यांनी ही कथा ऐकली, ज्यांनी ऐकता ऐकता डुलकी घेतली, आणि जे निरोप पाठवूनही आले नाहीत, त्या सर्वांचे रांजण भरलेले राहोत. घरोघरी चूल पेटती, पोर हसती आणि म्हातारी माणसे बोलती असोत. जगजेठी सर्वांचे कल्याण करो.