लांब उडी, उतरण्यासह

आमच्या कॉलेजच्या वार्षिक क्रीडा स्पर्धेत मोनाली बंडगरने लांब उडी मारली आणि ती वर्षभर खाली आली नाही, कारण तिच्या उतरण्याच्या खर्चाला मंजुरी नव्हती.

आमचं कॉलेज तालुक्याच्या गावचं. जिमखान्याला जे काही पैसे मिळतात ते फेब्रुवारीपर्यंत कोणी खर्च करू देत नाही आणि मार्चमध्ये कोणी शिल्लक ठेवू देत नाही. शिल्लक राहिली की पुढच्या वर्षी तेवढी रक्कम कापून येते. त्यामुळे इतरांच्या स्पर्धा थंडीत होतात आणि आमच्या मार्चअखेरच्या उन्हात. मी अर्थशास्त्र शिकवतो. जिमखान्याचं उपाध्यक्षपद माझ्याकडे आलं, कारण ते ज्या मीटिंगमध्ये ठरलं तिला मी गैरहजर होतो.

त्या वर्षी लांब उडी सगळ्यात शेवटी, एकतीस मार्चच्या संध्याकाळी आली. मोनाली धावत आली, पाय फळीवर नेमका पडला, क्रीडाशिक्षक घोलप सरांनी पांढरं निशाण दाखवलं, पोरगी हवेत गेली आणि तेवढ्यात ऑफिसात लेखापाल वाघचौरे यांनी वर्षाचे हिशेब बंद केले. मोनाली होती तिथेच राहिली. हात वर, पाय पुढे, वाळूपासून छातीभर उंचीवर.

आम्ही वाघचौरेंना बोलावून आणलं. त्यांनी चष्मा पुसून तिच्याकडे नीट पाहिलं आणि सांगितलं, "उडी सरत्या वर्षातली आहे. उतरणं नव्या वर्षात पडतंय. ज्या वर्षाची उडी, त्याच वर्षात उतरायला हवं होतं."

वाघचौरे माणूस वाईट नाही. ऑफिसचा चहासुद्धा स्वतःच्या खिशातून पितो. त्यांनी आम्हाला सायकल स्टँडकडे बोट करून दाखवलं. तिथे चार वर्षांपूर्वी फेकलेला भाला अजून हवेत आहे, त्याचंही असंच झालं होतं. आम्ही गाड्या जरा बाजूला लावतो. भाल्याची कधी कोणाची तक्रार आली नाही, असं ते म्हणाले.

"भाल्याला आई नसते," घोलप सर म्हणाले.

दोन पोरांनी मोनालीच्या पायांना लोंबकळून पाहिलं. तिला दुखायला लागलं, पण ती बोटभरही खाली आली नाही. मंजुरी नसलेलं काम ओढून होत नाही, हे आम्हाला ऑफिसात माहीत होतं. मैदानावर पहिल्यांदाच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आई आली. मालनबाई एसटी स्टँडजवळच्या खानावळीत भाकरी थापतात. त्यांनी लेकीकडे वर पाहिलं, आधी जेवलीस का विचारलं आणि मग मला विचारलं, "ही कवा उतरंल?" मी म्हटलं, प्रस्ताव ठेवावा लागेल. त्यांनी मान हलवली. तेव्हापासून कामाला जाताना एकदा आणि येताना एकदा त्या वाळूच्या खड्ड्यात उभ्या राहून पोरीला हाताने भरवायच्या.

मोनाली रडलीबिडली नाही. तिचं एकच विचारणं असायचं, "सर, किती झाली?" तिला पोलीस भरतीसाठी खेळाचं प्रमाणपत्र हवं होतं आणि त्यावर उडीचा आकडा लागतो. घोलप सर तिला रोज समजावायचे की वाळूत खूण उमटल्याशिवाय टेप कुठे लावायचा. ती हो म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची.

जूनमध्ये मी प्रस्ताव ठेवला. प्राचार्य मोहोळकरांनी तो सहानुभूतीने वाचून नामंजूर केला. मागच्या वर्षाचं उतरणं या वर्षात दाखवलं तर ऑडिटवाले धरतील, या बाबतीत सगळ्यांचं एकमत झालं. मोनालीच्या डोक्यावर मांडव मात्र लगेच मंजूर झाला. मैदान देखभालीत तो बसत होता. एक दिवा आणि 'सावकाश चाला' अशी पाटीही मंजूर झाली. तिला वर ठेवायला पैसे होते, खाली आणायला नव्हते. पुढे कॉलेजचं मूल्यांकन करायला समिती आली तेव्हा प्राचार्यांनी तिला हार घालून दाखवलं. समितीने 'सातत्यपूर्ण क्रीडा उपक्रम' असा शेरा लिहिला. त्यानंतर तिला उतरवायची घाई कोणालाच राहिली नाही.

पेपर तिने वरूनच लिहिले. पर्यवेक्षक शेजारी स्टुलावर बसायचे. एकदा मी पेपर गोळा करायला गेलो तर ती म्हणाली, "सर, टाच टेकल्यावर कसं वाटतं ते मला आता आठवंना." मला फार वाईट वाटलं. मी पेपर घेऊन परत आलो.

ही गोष्ट मी मालनबाईंना सांगायला नको होती, पण सांगितली. दुसऱ्या दिवशी त्या हाताचं पीठ न धुताच ऑफिसात आल्या आणि वाघचौरेंसमोर बसल्या.

"नव्या वर्षात नवी उडी कुणी मारली, तर तिला उतराय मिळंल का?"

वाघचौरे म्हणाले, तरतूद केली तर मिळेल.

"आन् उतरताना कडंवर कोण असलं तर? एसटीत मांडीवरच्या लेकराचं तिकीट घेत न्हाईत."

वाघचौरेंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी दोन जाडजूड नियमावल्या काढल्या, दोन्ही वाचल्या आणि सांगितलं की खर्च उतरणाऱ्याचा असतो, कडेवरच्याचा नसतो. पण कडेवर घ्यायला नातं लागेल.

"नातं हाय," मालनबाई म्हणाल्या.

आणि उडी मारणारी व्यक्ती कॉलेजची विद्यार्थिनी पाहिजे, असं वाघचौरेंनी पुढे जोडलं. मालनबाईंची बारावी झालेली होती, पुढे लग्न झालं. त्यांनी त्याच दिवशी एफ. वाय. बी. ए.ला प्रवेश घेतला. माझ्या तासाला त्या पहिल्या बाकावर बसत. मागणी आणि पुरवठा शिकवताना मी त्यांच्याकडे बघायचं टाळत असे.

मी अंदाजपत्रकात नवी ओळ घातली: लांब उडी, उतरण्यासह. सगळ्यांना वाटलं छपाईत जास्तीचे शब्द आले असतील, म्हणून ती मंजूर झाली. मात्र उतरणं एकच मंजूर झालं. म्हणजे मालनबाईंना संधी एकच होती. लेकीपर्यंत पोचल्या नाहीत, तर त्या एकट्याच उतरल्या असत्या आणि पुढचं सगळं पुढच्या वर्षावर गेलं असतं.

आणि त्या पोचत नव्हत्या. घोलप सर त्यांना पहाटे मातीच्या रस्त्यावर सराव द्यायचे. मोनाली फळीपासून चांगलीच पुढे होती आणि मालनबाईंची उडी तिच्या निम्म्यावर संपायची. मग मोनालीनेच शिकवायला घेतलं. खड्ड्याशेजारी त्यांना पळायला लावून ती वरून सांगायची, "आई, फळीकडं बघू नको, माझ्याकडं बघ. शेवटचं पाऊल बारीक टाक." दिवाळी गेली, संक्रांत गेली. खानावळीच्या मालकाची कुरकुर सुरू झाली, कारण मालनबाई तव्यापासून परातीपर्यंतसुद्धा पळत जायला लागल्या होत्या.

स्पर्धा अर्थातच मार्चअखेरीलाच आली. मी एवढंच केलं की लांब उडी सकाळी पहिली ठेवली आणि वाघचौरेंना हिशेबाच्या वहीसकट खड्ड्याजवळ खुर्चीवर बसवलं. नवी वाळू आली होती. वाघचौरेंनी तिची पावती तपासली, वही उघडी ठेवली आणि मला शांतपणे सांगितलं की संध्याकाळपर्यंत ते पान उलटणार नाहीत.

मालनबाईंनी लुगड्याचा कासोटा घट्ट केला. पायातली चप्पल काढून नीट जोडून ठेवली. मोनालीने दोन्ही हात आईकडे केले. प्राचार्यसुद्धा भाषण खिशात ठेवून उभे होते.

मालनबाई पळत आल्या. पाय फळीवर पडला, घोलप सरांनी पांढरं निशाण दाखवलं, आणि बाई वर गेल्या. पहाटेच्या सरावात त्या एवढ्या लांब कधी गेल्या नव्हत्या. त्यांनी लेकीला कमरेत धरलं, कडेवर घेतलं आणि दोघी मिळून वाळूत आल्या. धप्प असा एकच आवाज झाला.

मालनबाई वाळूतच बसून राहिल्या. पोरीच्या दंडावरून हात फिरवत म्हणाल्या, "किती हलकी झालीस गं." मग त्या रडल्या. घोलप सर टेप शोधायच्या निमित्ताने दुसरीकडे तोंड करून उभे राहिले, आणि मीही.

टेप लागला. आकडा असा निघाला की जिल्ह्यात त्या वर्षी कोणत्याच मुलीचा तेवढा नव्हता. घोलप सरांनी विचारलं, नाव कोणाचं लिहू?

"तिचं लिवा. मी नुस्ती घ्याया गेलते."

वाघचौरेंनी मान वर केली. "तिचं लिहिलं तर उतरणं तिचं ठरतं, आणि तिच्या उतरण्याला मंजुरी नाही. तिला परत वर जावं लागेल."

"मग माझं लिवा," मालनबाई म्हणाल्या.

मोनालीने दोन्ही टाचा वाळूत घुसवल्या होत्या. तिने विचारलं, "सर, किती झाली?" घोलप सरांनी आकडा सांगितला. तिने तो मनात दोनदा म्हणून पाहिला. "आई, पुढच्या वर्षी मी मोडणार बघ ही," ती म्हणाली. मालनबाई म्हणाल्या की मोड, पण सकाळच्या वेळेला मोड.

प्रमाणपत्र मालनबाईंच्या नावाने निघालं. मोनालीची उडी कागदोपत्री अजून चालू आहे. मांडव आम्ही काढला नाही, कारण काढण्याची तरतूद नाही.

दुपारी मी दोघींना स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागली होती. मालनबाई खिडकीजवळ बसल्या आणि एकोणीस वर्षांची मोनाली त्यांच्या मांडीवर बसली. तिचे वाळूने माखलेले पाय खाली टेकत होते, ते तिने टेकूच दिले. कंडक्टरने मशीन पुढे करून विचारलं, किती?

"एक," मालनबाई म्हणाल्या.

त्याने मोनालीकडे पाहिलं, तिच्या पायांकडे पाहिलं आणि एक तिकीट फाडून दिलं.