हिरवा, पण चुकीचा

"मी हे घालणार नाही!" लुत्सियानं हिरवा स्वेटर पलंगावर भिरकावला. "टाय काय, स्कर्ट काय! मी काय बँकेत मॅनेजर आहे?"

"इथं शाळेत सगळेच घालतात."

"ओसियेकला कुणीच घालत नव्हतं."

"आपण आता ओसियेकला नाही आहोत," तिची आई, वेस्ना, म्हणाली. क्रोएशिया सोडल्यापासून हे वाक्य म्हणून म्हणून तिचं तिलाच कंटाळवाणं झालं होतं.

आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या त्या छोट्या गावात वेस्नाला वृद्धाश्रमात नर्सची नोकरी मिळाली होती. पंधरा वर्षांच्या लुत्सियाला मात्र मैत्रिणी सोडाव्या लागल्या होत्या, हँडबॉलचा संघ सोडावा लागला होता. "मला तिथं काहीही आवडणार नाही," असं तिनं विमानातच जाहीर केलं होतं आणि शब्दाला जागून आयर्लंडच्या पावसापासून पावापर्यंत प्रत्येक गोष्टीला नापास केलं होतं.

गावात शाळा दोन. एक टेकडीवरची, एक नदीकाठची. निकाल बघून वेस्नानं टेकडीवरची निवडली आणि दुकानात जाऊन शाळेचा हिरवा स्वेटर मागितला. दुकानदारानं दिला. दोन्ही शाळांचे स्वेटर हिरवेच असतात, हे तिला कुणी सांगितलं नाही. फरक छटेचा आणि छातीवरच्या चिन्हाचा. तो गावातल्या तान्ह्या पोरालाही कळायचा, त्यामुळे सांगायची गरज कुणाला वाटली नाही.

शेवटी लुत्सियानं स्वेटर घातला. वेस्नानं फोटो काढला. फोटोत मुलगी शाळेत नाही, तुरुंगात निघाल्यासारखी दिसत होती. तिला चौकात बसपाशी सोडून वेस्ना कामावर गेली. ड्रायव्हरनं लुत्सियाचा स्वेटर पाहिला, "चढ गं बाय, उशीर होतोय," म्हणाला आणि नदीकडे गाडी वळवली.

वेस्ना एका आजोबांचा रक्तदाब बघत होती तेवढ्यात टेकडीवरच्या शाळेतून फोन आला. मुलगी आलेली नाही.

पोरगी पळाली! विमानतळावर गेली! वेस्नानं आजोबांचा दंड तसाच फुगवलेल्या पट्ट्यात सोडला, परत धावत येऊन सोडवला आणि टॅक्सीनं टेकडी गाठली. मुख्याध्यापिका टार्पीबाईंनी "बसा" म्हणायच्या आतच ती सुरू झाली.

"माझी मुलगी कुठंय? सकाळी धडधाकट पाठवलीय मी तिला! तुम्ही हरवलीत!"

"बाई, जी आमच्याकडे पोचलीच नाही तिला आम्ही हरवणार कशी? तिचा फोटो आहे?"

वेस्नानं मोबाईल पुढे केला. टार्पीबाईंनी चष्मा चढवला आणि त्यांचा चेहरा पडला.

"हा... हा त्यांचा स्वेटर आहे."

"कुणाचा?"

"त्यांचा," टार्पीबाई खिडकीतून नदीकडे बघत म्हणाल्या. ज्या शाळेनं त्यांच्या संघाला सलग तीनदा हरवलं होतं, तिचं नाव त्या आपल्या खोलीत घेत नसत.

गाडी त्यांनीच चालवली. नदीकाठच्या शाळेच्या मैदानात चिखलच चिखल होता. पोरी हातानं झेलायचा आणि पायानं मारायचा तो आयरिश फुटबॉल खेळत होत्या आणि गोलात लुत्सिया उभी होती. टाय नाही, कोपरापर्यंत चिखल. चेंडू आला, तिनं आडवी उडी घेऊन अडवला. "लूसी! लूसी!" पोरी ओरडल्या.

"तू इथं काय करतेयस?" वेस्नाचा जीव भांड्यात पडला आणि लगेच पाराही चढला.

"शाळेत आलेय. तूच पाठवलंस ना?"

"ही आपली शाळा नाही!"

"त्यांच्याकडे कुणीतरी लिथुआनियाची नवी मुलगी येणार होती. मी म्हटलं, मी क्रोएशियाची. वर्गातल्या बाई म्हणाल्या, हो हो, तेच."

तिथले मुख्याध्यापक लॅव्हेल धावत आले. गोंधळाबद्दल त्यांनी मनापासून माफी मागितली. मुलीला खुशाल घेऊन जा म्हणाले. त्यांच्याकडे जागाच नव्हती, वर्ग भरलेले, नियम म्हणजे नियम.

"मी नाही जाणार," लुत्सिया म्हणाली. "मी इथंच राहणार."

या देशात आल्यापासून "राहणार" हा शब्द वेस्नानं मुलीच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला होता. निकालांची ती सगळी आकडेवारी तिच्या डोक्यातून क्षणात पुसली गेली.

"ती इथंच राहील," वेस्ना लॅव्हेलसाहेबांना म्हणाली.

"अहो, पण जागा..."

"मग मीही इथून हलत नाही."

"असं कसं? मुलीचं नाव आमच्याकडे आहे," टार्पीबाई मध्ये पडल्या. त्यांची नजर मात्र गोलावर होती. "आमच्याकडे जागा आहे. आणि गोलरक्षक नाही."

लॅव्हेलसाहेबांनी टार्पीबाईंकडे पाहिलं, मग लुत्सियाकडे. वेस्नाच्या नजरेतून ते काही सुटलं नाही.

"बरोबर आहे," ती सुस्कारा टाकत म्हणाली. "नियम म्हणजे नियम. चल गं, टेकडीवर जाऊ. ओसियेकच्या संघाचा गोल सांभाळायचीस तू, या बाईंना तरी तुझी कदर आहे."

"थांबा!" लॅव्हेलसाहेब म्हणाले. "एक बाक आहे. म्हणजे, आणता येईल."

वर्ग म्हणे कोंबून भरले होते, तिथं दोन मिनिटांत जागा झाली. लुत्सिया परत गोलाकडे पळाली. वेस्नानं मिठी मारायला हात पसरले होते ते तसेच राहिले.

"आई, जा ना आता! सगळ्या बघतायत!"

पण वेस्ना गेली नाही. कुंपणापाशी उभी राहिली. टार्पीबाईही शेजारी येऊन उभ्या राहिल्या. इतकं नुकसान होऊनही बाई रागावल्या नाहीत, हे पाहून वेस्नालाच अपराधी वाटायला लागलं.

"छान खेळते हो," टार्पीबाई हळूच म्हणाल्या. "डावीकडे खाली मात्र जरा उशिरा पोचते, नाही?"

"तुम्ही किती मोठ्या मनाच्या आहात! तुमच्या शाळेत आली नाही, तरी तिच्या खेळाची काळजी करताय."

"काळजी कसली? पुढच्या महिन्यात आमचा यांच्याशी सामना आहे." टार्पीबाईंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "बघून ठेवतेय."

वेस्नानं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग ती त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि आपल्या लांबलचक रेनकोटाची दोन्ही टोकं तिनं पडद्यासारखी पसरून धरली.

"अहो, मला दिसत नाहीये!"

"नाहीच दिसणार," वेस्ना म्हणाली. "आमच्या मैदानावर उभ्या आहात तुम्ही."

वृद्धाश्रमात ती भर पावसात चालत परतली, कारण टार्पीबाईंच्या गाडीत तिला आता जागा नव्हती.