शून्य न्हाई, रिकामं

अंकुश सर कोणाच्याही घरी गेला की आधी स्वयंपाकघरात घुसतो आणि डब्यांवरची नावं वाचतो. नुसती वाचून थांबला असता तर मी काही बोललो नसतो. झाकण उघडून आत बघतो! परवा आमच्याकडे आला, 'मीठ' लिहिलेल्या डब्यात साखर निघाली, आणि हा बाबा माझ्या आईवर खेकसला.

"काकू, हे काय हाय? वर मीठ लिवलंय आन् आत साखर?"

"मुंग्या लागत्यात रे," आई म्हणाली.

"मुंग्यांना वाचता येतं का?"

"नातवंडांना येतंय की!"

यावर हा चहा न घेताच निघाला. वर रस्त्यात मलाच सुनावलं, "घरात डब्याचा मेळ न्हाई, आन् तू पोरांना काय शिकवणार बे?" असा संताप आला होता म्हणता!

आष्टीच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणारे आम्ही दोघंच. मी टायपिंग घेतो आणि निकालाचे तक्ते बघतो, तो प्रोग्रामिंग शिकवतो. शिकवतो कसला, भांडतो. व्हेरिएबल म्हणजे डबा, हे त्याचं पहिलं वाक्य. डब्याला नाव पाहिजे, आणि त्यात काय भरायचं ते आधी ठरलेलं पाहिजे. कुणी आळसानं व्हेरिएबलला नुसतं 'एक्स' म्हटलं की हा टेबलावर हात आपटतो, "बेवारस हाय का बे ते? नाव ठिव!"

घरचा धंदा मेंढरांचा, त्यामुळे उदाहरणंही तिथलीच. "मेंढरं साडेतीन असत्यात का? न्हाई. मग इंटिजर. दूध साडेतीन लिटर असतंय, ते फ्लोट." एका पोरानं मोबाइल नंबर आकडा म्हणून साठवला, तर त्याला तासभर उभं केलं. "फोन नंबरची बेरीज करतो का तू? मग आकडा कावून? अवतरणात टाक, स्ट्रिंग हाय ती, नुसता मजकूर!" एकदा बूलियन, म्हणजे ज्यात फक्त हो किंवा नाही मावतं असा डबा, शिकवताना लाईट गेली. यानं थेट लाइनमनला फोन लावला. लाइनमन म्हणाला, "येईल की." "येईल न्हाई! हाय का न्हाई, एकच सांग!" हा इकडं ओरडतोय, तिकडं त्यानं फोन ठेवून दिला. दिवसभर लाईट आली नाही, ती याच्यामुळेच, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता सुनीताचं सांगतो. जवळच्या वस्तीवरची नवी सून, बारावी झालेली, सगळ्या बॅचमध्ये हुशार. क्लासमध्ये फीमाफीच्या दोनच जागा, त्यातली एक तिची. दसरा झाला आणि नवऱ्याबरोबर ती ऊस तोडायला कारखान्याकडं गेली. परीक्षा झाली तेव्हा ती तिकडंच होती. मी निकालाचा तक्ता करायला बसलो. तिच्या नावापुढचं घर रिकामं, ते काही बरं दिसेना, म्हणून मी शून्य भरलं. एवढंच केलं मी. तक्त्यानं आपोआप 'नापास' छापलं. नापास झालं की फीमाफीची जागा जाते, असा नियम. गैरहजर असलं तर मात्र नंतर परीक्षा देता येते.

अंकुश सरनं तक्ता बघितला आणि भरल्या वर्गात माझी कॉलर धरली.

"शून्य कावून लिवलंस बे?"

"मार्क नाहीत म्हणून!"

"शून्य म्हंजे पेपर दिला आन् काय बी आलं न्हाई. तिनं पेपरच दिला न्हाई! रिकामं म्हंजे रिकामं!"

मीही कमी नाही. साखरेच्या डब्याचा राग अजून होताच, मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पोरं तोंड दाबून हसत होती. शेवटी आम्ही दोघं संचालकांपुढे. ते म्हणाले, "शून्य काय नि रिकामं काय, फरक काय पडतो? द्या ती जागा दुसऱ्याला."

  अंकुश सरनं खिशातून लॅबची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"तिची जागा गेली तर माझी बी समजा. शून्य न्हाई, रिकामी."

संचालकांचा चेहरा उतरला. हा गेला तर प्रोग्रामिंग शिकवायला आष्टीत आणायचं कुणाला? तक्ता दुरुस्त करायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

चैत्रात सुनीता परत आली. दोन्ही हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे. पेपर दिला, पन्नासात अडतीस.

"भर," अंकुश सर मला म्हणाला. मी भरलं.

तरी हा जागचा हलेना. मग त्यानं पाकिटातून एक लॅमिनेट केलेला कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. त्याचा स्वतःचा चौथीचा निकाल. सगळ्या विषयांपुढं शून्य.

"त्या साली मेंढरं इकून आमी ऊसतोडीला गेलतो. परीक्षेला मी न्हवतोच. गुरुजींनी घरं भरून टाकली." मग म्हणाला, "बापाला वाचाया येत न्हाई. शून्य तेवढं वळखतो. लई मारलं मला."

मला असा राग आला! त्या गुरुजींचा, आणि त्याहून जास्त माझा. त्यांनाही रिकामी घरं बरी दिसली नसतील. मी कॉम्प्युटरवर तसाच तक्ता आखला, वर त्याचं नाव टाकलं, इयत्ता चौथी टाकली, एकेक विषय लिहिला आणि पुढची घरं तशीच सोडली. प्रिंट काढून त्याच्या हातात दिली.

त्यानं प्रत्येक रिकाम्या घरावर बोट ठेवत कागद खालपर्यंत वाचला.

"एक बी शून्य न्हाई," म्हणाला. "आजच बापाला दावतो."

आणि चारची बॅच माझ्यावर सोडून, गाडीला किक मारून तो आपल्या वस्तीकडं निघून गेला.