बीरानसाठी मिनिटभर शांतता

२००४ साल. वेळ्ळिपाडम गावचं भात कापून झालं होतं, रिकाम्या खाचरांत पोफळीच्या सोटांची गॅलरी उभी राहिली होती, सात-सात गड्यांच्या फुटबॉलचा हंगाम सुरू होणार होता, आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच माइकसमोर बीरान नव्हता.

बीरान गेला तो आदल्या पावसाळ्यात. दुपारचं जेवला, हात धुतले, आडवा झाला, तो उठलाच नाही. "निदान हंगाम संपवून गेला हो!" असं म्हणत गावानं डोळे पुसले. कारण बीरानशिवाय मॅच म्हणजे मीठ न घातलेली मासळी! आवाज म्हणाल तर किसणीवर खोबरं फिरवावं तसा खरखरीत. पण त्या आवाजात तो काय नाही सांगायचा! कुणाची चप्पल सापडली, कुणाचं पोर हरवलं, कुणाचा बैल सुटून गोलात शिरलाय... एकदा तर त्यानं ऐन पेनल्टी थांबवून सांगितलं, "चहावाला कुंजालवी जिथे असेल तिथून घरी पळ! मुलगी झालीय!" सगळं मैदान टाळ्या वाजवायला लागलं आणि पेनल्टी मारणाऱ्यानं त्या भरात चेंडू ओढ्यात घातला.

पण सगळ्यांच्या तोंडी होती ती त्याची पूर्व गॅलरीला दिलेली धमकी. पूर्वेकडचे लोक गोल झाला की नाचायला लागत, सोट करकरायला लागत, आणि बीरान गरजे, "पूर्व गॅलरी! बसा खाली! पोफळी माझ्या सासऱ्याच्या आहेत! एक जरी मोडली, तर आज मला घरी तांदळाची पत्तिरी मिळणार नाही!" आणि खरोखरच ते सोट दर वर्षी त्याच्या बायकोच्या, कदियुम्माच्या, माहेरच्या बागेतून यायचे. लोक हसत हसत का होईना, बसायचे.

तर यंदा पहिली मॅच बीरानच्या नावानं करायची, असं 'न्यू स्टार' क्लबानं ठरवलं. क्लबानं म्हणजे सेक्रेटरी बापुट्टीनं. बापुट्टी वीस वर्षं सेक्रेटरी होता. पोट गोल, आवाज गोल, आणि बोलणं तर इतकं गोल की सुरुवात कुठे आणि शेवट कुठे ते कळत नसे. कुंजालवीच्या टपरीवर सुलैमानीचा, म्हणजे बिनदुधाच्या चहाचा, ग्लास हातात धरून त्यानं जाहीर केलं, "मॅचच्या आधी बीरानिक्कासाठी एक मिनिट शांतता! टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी!"

कुंजालवीच्या हातातला चहा सांडला. "कुठे? आपल्या मैदानात?"

"मग काय मक्केत?"

"अरे बापुट्टी, आपल्याकडे दिवे गेले तरी लोक शिट्ट्या मारतात. त्या मैदानात कुणी मेल्यासारखा गप्प बसला ना, तर लोक त्याला उचलून दवाखान्यात नेतील!"

"तू बघच."

"आणि नाही जमलं तर?"

टपरीवर माणसं होती. बापुट्टीला माणसं दिसली की त्याची जीभ सुटायची. "नाही जमलं तर सेक्रेटरीपद सोडीन! आयुष्यभर ज्यानं आपल्यासाठी घसा फोडला, त्याला एक मिनिट देता येत नसेल, तर काय करायचंय ते पद?"

त्याच संध्याकाळी तो बांध ओलांडून कदियुम्माकडे गेला. नवरा गेल्यावर पाळायची इद्दत सरली होती, पण ती कुठे जातयेत नव्हती. बत्तीस वर्षांत ती मैदानात कधीच आली नव्हती. तिच्या मागच्या पडवीत बसलं की खाचरांपलीकडून सगळी मॅच ऐकू यायची. नुसत्या नवऱ्याच्या आवाजावरून ती सांगायची, कोण हरतंय ते.

"कदियुम्मा, खुर्ची ठेवतोय तुमच्यासाठी. यायलाच पाहिजे. सगळं गाव एक मिनिट मौन पाळणार आहे."

तिनं तांदूळ निवडायचे थांबवले. "मौन? ह्यांच्यासाठी?"

"हो!"

ती त्याच्याकडे बघून थोडंसं हसली. हसण्याचा अर्थ बापुट्टीला काही लागला नाही. "बरं," ती म्हणाली, "येते."

आता मात्र बापुट्टीची झोप उडाली. तिला शब्द दिला होता! तो तयारीला लागला. कुल्फीवाल्याच्या घंटेची जीभ काढून त्यानं आपल्या खिशात टाकली. शेंगदाणेवाल्याला दम दिला, "उलथनं कढईवर वाजवलंस तर कढईसकट बाहेर!" रस्त्यावरच्या बसवाल्याला जाऊन विनवलं की साडेचारच्या सुमारास तेवढा हॉर्न वाजवू नको.

"नाही वाजवत," ड्रायव्हर म्हणाला, "पण मग ब्रेक तरी दुरुस्त करून द्या! हॉर्नवरच चालवतोय मी गाडी."

"कावळ्यांना सांगितलंस का?" कुंजालवी रोज विचारायचा.

राहता राहिला जनरेटर. तो शाळेमागे असायचा, पण त्याची धडधड मैदानभर ऐकू यायची. बापुट्टीनं उम्मरला हुकूम सोडला, "शांततेच्या वेळी बंद!"

उम्मरनं डोकं खाजवलं. "बापुट्टिक्का, बंद करायला एक झटका पुरतो. चालू करायला अर्धं गाव लागतं. आणि तो बंद तर माइकही बंद."

"मौनाला माइक कशाला लागतो रे शहाण्या?"

उम्मर डोकं खाजवतच निघून गेला.

मॅचचा दिवस उजाडला. गर्दी अशी की मुंगीनं परवानगी काढून आत यावं! कदियुम्मा पांढरं तट्टम डोक्यावरून घेऊन माइकच्या मंचाशेजारच्या खुर्चीत बसली. पूर्व गॅलरी खच्चून भरली होती, सोट आधीच कुरकुरत होते. पाहुणा संघ 'लकी ब्रदर्स'. त्यांची जीप उशिरा पोचली. त्यांचा नवा गडी क्वाकू धावत, बुटांचे बंद बांधत मैदानात आला. क्वाकू घानाचा, पण गाव त्याला सुदानी म्हणायचं. आफ्रिकेतून येईल तो सुदानी, हे गावानं परस्पर ठरवून टाकलेलं. त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याच्या मॅनेजरनं जीपमध्ये त्याला एवढंच शिकवलं होतं: शिट्टी, पळ, गोल!

बापुट्टीनं माइक हातात घेतला. बोलला मात्र फार सुरेख. म्हातारी माणसं रडली. शेवटी तो म्हणाला, "हमीदमाश शिट्टी वाजवतील, आणि त्या शिट्टीबरोबर एक मिनिट शांतता..." हमीदमाश म्हणजे शाळेचे मास्तर आणि आमचे रेफरी, नियमापुढे आपल्या बापालाही न सोडणारे. हे सगळं क्वाकूला समजावून सांगायला कुणालाच सुचलं नाही.

बापुट्टीनं हात केला. उम्मरनं जनरेटर बंद केला. हमीदमाशांनी शिट्टी वाजवली.

आणि चमत्कार झाला! सगळं मैदान गप्प! बापुट्टीनं डोळे मिटले. छाती भरून आली.

तेवढ्यात धप् धप् धप् असा आवाज आला. बापुट्टीनं एक डोळा उघडला.

क्वाकू चेंडू घेऊन पळत होता! माना खाली घालून उभ्या असलेल्या न्यू स्टारच्या गड्यांमधून तो असा गेला, जसा वारा नारळांच्या झाडांमधून जातो. एकाला चुकवलं, तो हलला नाही. दुसऱ्याला चुकवलं, तोही हलला नाही. आपल्याला आज काय गवसलंय ते त्याला कळेना! गोलकीपर हात जोडून, डोळे मिटून पुटपुटत होता. चेंडू त्याच्या कानाजवळून जाळ्यात गेला.

"गोऽऽल!" लकी ब्रदर्सचा मॅनेजर किंचाळला.

मग जे काय झालं ते विचारू नका! पाहुण्यांचे लोक नाचायला लागले. आपले लोक शिव्या द्यायला लागले. गोलकीपर वळून जाळ्यातल्या चेंडूकडे बघत विचारत होता, "हा कुणाचा? हा आपला आहे का?" कुल्फीवाला जीभ नसलेली घंटा हलवत होता. बसनं हॉर्न दिला. आणि पूर्व गॅलरी, सगळीच्या सगळी, उठून उभी राहून पाय आपटायला लागली.

करर्र!

बापुट्टीनं ऐकलं. सोट वाकत होते. वर माणसं, पोरं, म्हातारे. तो माइकमध्ये ओरडला, "पूर्व गॅलरी! बसा!" पण माइक मुका. तो आणखी ओरडला. शेजारी उभ्या कुंजालवीलाही ऐकू गेलं नाही. शाळेमागे उम्मर आणि आणखी चौघं जनरेटरची दोरी ओढत होते: घर्र घर्र फुस्स! घर्र घर्र फुस्स!

करर्र! एक बांधलेला काथ्या सुटला. मौन राहिलं बाजूला, आज बीरानच्या नावानं माणसं मरतात की काय!

कदियुम्मानं चपला काढल्या. खुर्चीवर चढली. तट्टम सावरलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मॅच संपली तरी बीरान माइक सोडायचा नाही. मग कदियुम्मा पडवीत उभी राहून त्याला जेवायला हाक मारायची. खाचरं ओलांडून, चार लाउडस्पीकर आणि सगळ्या गावाचा गोंगाट ओलांडून ती हाक त्याच्या कानात शिरायची. बत्तीस वर्षं. त्या आवाजाला जनरेटर लागत नव्हता.

"पूर्व गॅलरीऽऽऽ! बसा खाऽऽली! पोफळी माझ्या बापाच्या आहेत!"

ओढ्यापलीकडचे बगळे उडाले. गॅलरी जागच्या जागी थिजली.

"एक जरी मोडली, तर कुणालाच पत्तिरी मिळणार नाही!"

एक म्हातारा बसला. मग एक ओळ बसली. मग सगळी गॅलरी, शाळेतल्या पोरांसारखी, खाली बसली. कुणी डोक्यावरची टोपी सारखी केली. गावाच्या तेव्हा ध्यानात आलं, की ते शब्द पुन्हा कधी ऐकायला मिळतील असं कुणाला वाटलंच नव्हतं. गडी जिथल्या तिथे उभे राहिले. क्वाकूला कुणीतरी कानात सांगितलं होतं. तो छातीवर हात ठेवून, मान खाली घालून उभा होता. हमीदमाशांनी शिट्टी न वाजवता हळूच घड्याळात बघितलं.

आणि आता आली ती खरी शांतता. कुल्फी वितळून टपटप गळताना ऐकू येत होती.

त्या गडबडीत जनरेटर सुरू झालेला होता. पण त्याची धडधड गावाच्या कानांत इतकी मुरलेली, की ती कुणाला ऐकूच आली नाही. बापुट्टीलाही नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माइक तोंडापाशी तसाच होता. तो कुंजालवीकडे झुकला आणि कुजबुजला.

"बघितलंस का रे चहाच्या किटल्या? टाचणी पडली तरी ऐकू येईल, म्हटलं होतं ना!"

चार दिशांच्या चार लाउडस्पीकरांतून ते गावभर गेलं.

मग पूर्व गॅलरीतून एक खुद्कन आवाज. मग सगळं मैदान जे हसलं, जे हसलं! लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसले. गोलकीपर जाळ्याला धरून हसला. क्वाकूला काही समजलं नाही, तरी तोही हसला.

बापुट्टी मंचावरून खाली उतरला आणि कदियुम्मासमोर उभा राहिला. चेहरा वांग्यासारखा झालेला. "उम्मा, आईच्या जागी आहात, माफ करा. शब्द दिला होता. मोडला तो मीच."

"किती झालं होतं हो?" तिनं हमीदमाशांना विचारलं.

"अर्ध्या मिनिटाच्या जरा वर."

"पुष्कळ झालं," कदियुम्मा म्हणाली. "ह्यांना त्याहून जास्त सोसलंच नसतं. संसार केला एवढी वर्षं, घरात एक मिनिट शांतता मिळाली नाही मला. झोपेतसुद्धा कॉर्नर किक सांगायचे! म्हणून तर आले बघायला, गाव कसं जमवतंय ते." आणि ती हसता हसता तट्टमाच्या टोकानं डोळे पुसायला लागली.

क्वाकू तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "सॉरी, उम्मा," एवढंच म्हणाला.

तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "अगं बाई, किती वाळलाय हा! मॅच झाली की घरी आणा ह्याला जेवायला."

हमीदमाश मात्र अजून अडूनच होते. "शिट्टी वाजली, चेंडू जाळ्यात गेला. म्हणजे गोल झाला. पण मॅच सुरू झाली नव्हती. म्हणजे लकी ब्रदर्सना तो देता येत नाही. मग हा गोल मी ठेवू कुठे?"

दोन्हीकडचे लोक पुन्हा बाह्या सरसावायला लागले.

"ह्यांच्या नावावर घाला," कदियुम्मा म्हणाली.

"आं?"

"बत्तीस वर्षं दुसऱ्यांचेच गोल ओरडत राहिले. एक तरी त्यांचा असू दे."

यावर हमीदमाशांनाही नियम सापडला नाही. फळ्यावर दोन संघांच्या नावांखाली बापुट्टीनं खडूनं तिसरं नाव लिहिलं. मॅच नव्यानं सुरू झाली, आणि संपली तेव्हा फळा असा होता: न्यू स्टार एक, लकी ब्रदर्स एक, बीरान एक.

आता त्या खाचरांत लग्नाचा मोठा हॉल उभा आहे. कदियुम्मा त्यानंतर पुष्कळ जगली. दर हंगामाच्या पहिल्या दिवशी क्लबाची जीप तिला आणायला जायची. ती खुर्चीवर चढून पूर्व गॅलरीला एकदा दम द्यायची, मगच मॅच सुरू व्हायची. क्वाकू सहा हंगाम खेळला आणि मग घानाला परतला. त्यानं मुलीचं नाव कदिया ठेवलंय, असं उम्मर सांगतो. उम्मरचं सगळंच खरं धरायचं नसतं. उम्मर जनरेटर मोडीत काढून दुबईला गेला. हमीदमाश निवृत्त झाले, पण तो गोल त्यांना अजून छळतो.

बापुट्टीनं दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. पण ते पद दुसऱ्या कुणालाच नको होतं, म्हणून तो अजूनही सेक्रेटरीच आहे. आता वय झालंय, ऐकू कमी येतं, बोलणं मात्र तसंच. परवा टपरीवर तो गंभीर होऊन म्हणाला, "मी गेलो ना, तर माझ्यासाठी मौनबिन ठेवू नका रे. झेपत नाही आपल्याला."

कुंजालवीनं त्याच्यापुढे सुलैमानीचा ग्लास ठेवला.

"कशाला ठेवू? तू गप्प झालास की ते आपोआपच होईल!"