जोडीनं ओढायचा दोर

क्योतोतल्या सरायीत सकाळी रंगरावांसमोर भाताचा वाडगा आला. कस्तुराबाईंनी तो तसाच मागे सरकवला.

"नवस फेडल्याबिगर शीत नाही," त्या म्हणाल्या.

वऱ्हाडातल्या रिठदच्या रंगरावांचा कापूस दरसाल घेणाऱ्या हिराता नावाच्या जपानी व्यापाऱ्याने नवराबायकोला आपल्या गावचा रथोत्सव पाहायला बोलावले होते. वाटेत वादळाने बोट हेलकावू लागली, तेव्हा कस्तुराबाई नवस बोलून बसल्या: सुखरूप पोचलो, तर रथाच्या दिवशी दोघं जोडीनं दोर ओढू, मगच अन्नाला शिवू.

"आपला देव सोडून इथल्याले कायले बोलली?" रंगराव कुरकुरले.

"आपला देव येवढा दर्या पोहून येते काय? जवळचा पाहिला!"

त्यांना न्यायला आलेल्या हिराताचा चेहरा हे ऐकून पडला. वऱ्हाडात राहून तो हिंदी शिकला होता. "बाई का हाथ रस्सी को नहीं चलता. बाहर का मर्द भी नहीं."

"पाहू," म्हणत कस्तुराबाईंनी पदर खोचला.

चौकात दुमजली घराएवढा रथ आला. त्याची चाकं वळत नसत. म्हणून माणसं चाकांखाली बांबूच्या ओल्या कामट्या अंथरून रथ बाजूला ओढत. रंगराव कडेला पोट दाबून उभे होते.

"जा ना! दोर ढिला पडला."

"अवं, शिपाई हाये तिथं!"

कस्तुराबाईंनी पाठीत कोपर दिले. रंगरावांचा पाय ओल्या कामटीवर पडला आणि ते थेट रथ ओढणाऱ्यांच्या पायांत गेले. सावरायला त्यांनी दोरच धरला. एक अख्खी रांग त्यांच्यावर बसली.

शिपायाने त्यांना ओढून काढले. घाबरून रंगराव कमरेत वाकले. तो नमस्कार समजून शिपाईही वाकला. ते पाहून रथ ओढणारेही वाकले आणि दोर सुटला. तो सरपटत कस्तुराबाईंच्या पायावर आला. त्या हात लावणार, तोच माणसांनी तो उचलला. रथ वळून गेला.

"फिटला नवस!" गुडघा चोळत रंगराव म्हणाले. "म्या धरला, तुले लागला. चाल, जेवू."

"मले पायाले लागला. थे पाप येगळं फेडू. नवस हाताचा होता." कस्तुराबाईंनी रस्त्याकडे पाहिले. "थो पाहा, मांगून दुसरा रथ येऊन राह्यला. या खेपेले जरा अलीकडं पडा."