शहाता काकांच्या दंडाचा दाखला

शहाता काकांचा उजवा दंड दुखत होता आणि दुखता दुखता त्यातलं बळही गळत चाललं होतं. ही गोष्ट त्यांनी सरकारला साध्या भाषेत कळवली. पुढचं सगळं त्यातून झालं.

दंड साधासुधा नव्हे. शेख दसूकींच्या कीर्तनात चाळीस वर्षं मोठा डफ वाजवलेला दंड. आमच्या गावात सिदी अबू नखला यांचा उरूस भरतो, तेव्हा असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजानंतर शेख उभे राहून अयूब नबींची, त्या सगळं सोसणाऱ्या प्रेषिताची, कथा गातात. दीड तास. शेखांचा गळा आणि काकांचा डफ, मध्ये कुणी नाही. मी इस्त्रीवाला माणूस, नाव बयूमी. दरवर्षी दुकान बंद करून पहिल्या रांगेत बसतो, आणि अयूब नबींच्या अंगाला व्याधी लागली की दरवर्षी नव्याने रडतो. शेवट पाठ असूनही.

यंदा उरूस पंधरा दिवसांवर असताना तालमीत काकांच्या हातून डफ निसटला. उपाय सोपा होता : काकांनी बसून लहान खंजिरी वाजवावी. पण मंडळी सरकारी सांस्कृतिक भवनाच्या नोकरीत, आणि तिथल्या नियमाप्रमाणे दाखल्याशिवाय वाद्य बदलणं म्हणजे जागा सोडून पळणं. हलक्या कामाचा दाखला आणा, नाहीतर मोठा डफ उचला. दोन्ही न जमल्यास मंडळातून नाव कमी. शेखांच्या उजव्या हाताची जागा जाणार, या विचाराने काकांचा दंड आणखी दुखू लागला.

मी त्यांना डॉक्टर वजीह यांच्याकडे नेलं.

"दंड दुखतो, डॉक्टरसाहेब," काका म्हणाले.

डॉक्टरांनी दंडाकडे न बघता कागदावर लिहिलं : मायाल्जिया.

"म्हणजे काय हो?"

"म्हणजे स्नायू दुखतो."

"मी तेच तर म्हणालो."

"तुम्ही म्हणालात ती तक्रार, काका. मी लिहिलं ते निदान."

काका खूश होऊन घरी आले. आपलं दुखणं इतक्या लांबच्या गावचं, थेट ग्रीक निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांची बायको, म्हणजे रजबची आई, मुळूखियाची भाजी चिरत होती. तिने कागद उलटसुलट बघितला.

"बयूमी भावजी, माझी कंबर वीस वर्षं दुखतेय. तिचं कुणी बारसं केलं नाही ते!"

दाखला देणार सरकारी वैद्यकीय मंडळ. तिथे दुखण्याची खिडकी तीन नंबरची आणि अशक्तपणाची चार नंबरची. तीन नंबरला मॅडम इन्साफ बसल्या होत्या. समोर फायलींचा ढीग, मांडीवर भरायची वांगी. फाईल डाव्या हाताने चाळत आणि वांगं उजव्या हाताने कोरत त्या म्हणाल्या, "मायाल्जियाला मलम मिळतं. हलकं काम हवं तर अशक्तपणा आणा."

"कुठून आणू, ताई?"

"जिथून दुखणं आणलंत तिथून."

डॉक्टर वजीह यांनी कुरकुर न करता नवा कागद काढला आणि लिहिलं : मायोपॅथी.

"म्हणजे?"

"म्हणजे स्नायूला काहीतरी झालंय."

"काय झालंय?"

"ते कळलं की दुसरं नाव देऊ. सूज सापडली तर मायोसायटिस. सकाळी बरा आणि वापरता वापरता गळू लागला तर मायस्थेनिया. आणि अंगभर सगळीकडे दुखून तपासणीत काहीच सापडलं नाही तर फायब्रोमायाल्जिया."

"ते शेवटचं मला द्या," सोबत आलेली रजबची आई म्हणाली. "सासरी आल्यापासून तेच आहे."

चार नंबरच्या खिडकीसाठी आम्ही नवी रांग धरली. नंबर आला तेव्हा आत मॅडम इन्साफच होत्या. फक्त खुर्ची सरकवली होती आणि वांग्यांच्या जागी मिरच्या आल्या होत्या. ओळखीचं हसू न दाखवता त्यांनी कागद वाचला.

"काका, तीन नंबरला तुमचं दुखणं नोंदलेलं आहे."

"तुम्हीच नोंदलंत ना."

"मी तीन नंबरला काय करते ते मला चार नंबरला ठाऊक नसतं. मुद्दा असा, की एका दंडात दुखणं आणि अशक्तपणा दोन्ही चालत नाही. दुखतो म्हणजे स्नायू जागा आहे, आणि जागा आहे तर कामाला का येत नाही? दोन्ही हवं असेल तर संयुक्त समिती. पाचवा मजला."

पाचव्या मजल्यावर जायला लिफ्ट होती आणि ती चालू होती, हे मी कुणाची निंदा होऊ नये म्हणून मुद्दाम सांगतो. फक्त ती अशक्तपणाचा दाखला असलेल्यांसाठी राखीव होती. दाखला पाचव्या मजल्यावर मिळत असे.

काका जिना चढले. मागून मी ढकललं, पुढून त्यांनी कठडा धरला. समितीचे अध्यक्ष डॉक्टर शौकत दारातच उभे होते. त्यांनी घड्याळ बघितलं आणि बोलता बोलता लिहून घेतलं, "अर्जदार स्वतःच्या पायांनी वर आला. स्नायू सक्षम."

"साहेब, पाय नाहीत, माझा दंड..."

"कठडा कशाने धरला होता?"

"दंडानेच."

"दंडही सक्षम."

दुसऱ्या वेळी काका खाली बाकावर बसले आणि मी एकटा वर गेलो. 'अर्जदार गैरहजर,' अशी नोंद झाली. तिसऱ्या वेळी कीर्तनातल्या चार झीलकऱ्यांनी काकांना खुर्चीवर बसवून वर नेलं. मधल्या मजल्यांवर ते विसावा म्हणून शेखांचं एकेक कडवं म्हणत, त्यामुळे जिन्यातल्या बाकीच्या रोग्यांचीही जरा करमणूक झाली. डॉक्टर शौकत यांनी या वेळी काकांना आत घेतलं. पण झीलकरी खाली उतरले ते कमरेवर हात ठेवूनच. दुसऱ्या दिवशी चौघांच्या चार फायली तीन नंबरवर हजर.

इथून गावात एक चाल पडली. पूर्वी माणूस म्हणे, अंग मोडून आलंय, दोन दिवस पडून राहतो. आता चहाच्या दुकानात ज्याच्या दुखण्याला ग्रीक नाव नाही त्याला कुणी खुर्ची देईना. न्हावी सांगे मला मायाल्जिया आहे, तर भट्टीवाला त्याच्याकडे कीव करून बघे, कारण त्याला स्वतःला, नावाआधी पॉली लागलेलं काहीतरी होतं. एका लग्नाच्या बोलणीत मुलाच्या बापाने फायब्रोमायाल्जिया असल्याचं हळूच सुचवलं, आणि घराणं शिकलेलं दिसतं म्हणून मुलीकडचे तयार झाले. रजबच्या आईची कंबर तेवढी अजून नुसती दुखत होती.

तर त्या तिसऱ्या वेळी आत समितीने काकांच्या हातात बळ मोजायचं यंत्र दिलं होतं.

"दाबा," डॉक्टर शौकत म्हणाले.

काकांनी दाबलं. काटा जेमतेम हलला.

"मनापासून दाबा, काका."

"मनापासूनच दाबतोय, लेका. मन बरं आहे माझं, दंड नाही."

"अशक्तपणा सिद्ध करायला जोर लावावा लागतो. जोर न लावता आलेला अशक्तपणा आम्ही धरत नाही."

काकांनी डोळे मिटले, अल्लाचं नाव घेतलं आणि इतका जोर लावला की कपाळावर घाम आला. काटा होता तिथेच राहिला. समितीचं समाधान झालं. उरुसाच्या आदल्या दिवशी सकाळी हलक्या कामाचा दाखला तयार झाला, सहा प्रतींत. उरला फक्त गरुडाचा सरकारी शिक्का. गरुडाशिवाय आमच्याकडे जन्म होत नाही आणि मेलेला माणूस मेला असं धरत नाहीत.

शिक्का फहीमसाहेबांच्या ताब्यात. तीस वर्षं रोज तीनशे गरुड उठवून त्यांचं मनगट दोरीसारखं सैल झालं होतं. त्यांनी शिक्का टेकवला. कागदावर एक पंख उमटला आणि थोडी चोच.

"हा चालणार नाही," मी म्हणालो. "सांस्कृतिक भवनाचे संचालक म्हणतील, हा गरुड कुठे, ही तर चिमणी."

"बयूमीभाऊ, माझ्या हातात जेवढा गरुड उरलाय तेवढा दिला," फहीमसाहेब म्हणाले. "मी सात वर्षांपूर्वी हलक्या कामाचा अर्ज केलाय. मंजूर झाला. पण त्यावर शिक्का मारणार कोण?"

काकांना त्यांची दया आली. हे मी पुन्हा सांगतो, नीट ध्यानात ठेवा : दया आली. "आणा इकडे," काका म्हणाले. "डफाला काय आणि कागदाला काय, जोर लागत नाही, ठोका कुठे पडतो ते लागतं." त्यांनी शिक्का दोन बोटांत धरला, मनगट सैल सोडलं आणि चाळीस वर्षांच्या सवयीने तो एकदा पडू दिला. खण्ण! गरुडाचं पीस न् पीस मोजून घ्यावं असं उमटलं. मग दुसऱ्या प्रतीवर. मग सहाही. मग फहीमसाहेबांचा सात वर्षांचा अर्ज शोधून त्यावरही.

त्या आवाजाने डॉक्टर शौकत बाहेर आले. त्यांनी गरुड उजेडात धरून बराच वेळ बघितला.

"या कार्यालयात असा शिक्का मी पाहिला नाही. कुणी मारला?"

काका सरळ माणूस. "मीच."

"मग हा दाखला रद्द," अध्यक्ष खेदाने म्हणाले. "ज्या दंडाने हा गरुड उठवला तो अशक्त आहे, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? पुरावा तुम्हीच सहा प्रतींत दिलाय." फहीमसाहेबांचा अर्ज मात्र कायम राहिला, त्यावरचा शिक्का उत्तम असल्यामुळे.

उरुसाच्या दिवशी असरनंतर काका मोठा डफ घेऊन शेखांच्या उजव्या हाताला उभे राहिले. दुसरा इलाजच नव्हता. पहिल्या रांगेत मी, माझ्या शेजारी मॅडम इन्साफ, फहीमसाहेब आणि डॉक्टर शौकतही. संचालक वही घेऊन बाजूला बसलेले. कथा चढली. अयूब नबींची गुरं गेली, मुलं गेली, अंगाला व्याधी लागली. तिथे काकांचा दंड सुटला. डफ मांडीपर्यंत घसरला आणि ताल तुटला. संचालकांनी पेन उघडलं.

शेखांनी काकांकडे बघितलं आणि गाणं थांबवलं नाही. त्यांनी उजवा हात काकांच्या खांद्यावर ठेवला आणि ते तालाविनाच पुढचं गायले : की नबींनी त्या दुखण्याला नाव दिलं नाही, कुठली खिडकी विचारली नाही. एवढंच म्हणाले, देवा, मला दुखतंय, आणि तू दयाळू आहेस. अर्ज तिथेच मंजूर झाला.

माझे डोळे भरले होते, त्यामुळे तुटलेल्या तालाच्या जागी पहिली टाळी कुणाची पडली ते मी पाहिलं नाही. मॅडम इन्साफची असावी, कारण नंतर हवेत मिरचीचा वास होता. मग फहीमसाहेबांची मऊ टाळी, मग माझी, मग हजार माणसांची. काका डफ मांडीवर ठेवून बसले आणि एका बोटाने आम्हाला ठोका दाखवू लागले. दीड तासाची कथा अडीच तास चालली. डॉक्टर शौकत तर उभे राहून टाळ्या पिटत होते आणि त्यांना स्वतःची शुद्ध नव्हती.

संचालकांचा अहवाल दुसऱ्या दिवशी आला : 'मोठ्या डफाचा आवाज यंदा नेहमीपेक्षा भरदार. वादकाची जागा कायम. हलक्या कामाची गरज दिसत नाही.' तेव्हापासून दर कीर्तनाला काका बोट हलवतात आणि गाव वाजवतं.

उरुसाच्या दुसऱ्या दिवशी मात्र तीन नंबरला दोनशे ऐंशी अर्ज आले, सगळे हात दुखण्याचे. रांगेत सगळ्यांत पुढे डॉक्टर शौकत. माझंही मनगट धरलं होतं, म्हणून ही सगळी हकीकत मी अर्जासोबत जोडली. मॅडम इन्साफ यांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि शेरा मारला : 'अक्षर सुवाच्य. मनगट सक्षम.'

आणि तुम्हीही मान खाली घालून इथपर्यंत वाचत आलात. मानेचा अर्ज करायचा विचार असेल तर सोडून द्या. तशी नोंद झालेली आहे.