मथुरामावशीला परवानगी

पिठाच्या डब्यावर ठेवलेला मोबाइल थरथरला आणि स्टीलचं झाकण अख्ख्या स्वयंपाकघरात किणकिणलं. सुनयनानं धावत जाऊन आधी झाकण दाबून धरलं, मग मोबाइल उचलला. आतल्या खोलीत पाच वर्षांची ओवी तासाभराच्या मनधरणीनंतर नुकती कुठे निजली होती. दुपारचे हे दोन तास काय ते सुनयनाचे. त्यात तिला कोणी हाक मारलेली खपत नसे, मोबाइलनंसुद्धा.

निरोप बेला गावच्या बंडूचा होता. त्यानं एक फोटो पाठवला होता. त्यात लिहिलेलं: 'हा व्हिडिओ बंद करण्यात आला आहे. यातील गाण्याचे हक्क गीतकार व संगीतकार सुनयना यांच्याकडे आहेत.' खाली बंडूनं विचारलं होतं, "ताई, ह्या सुनयना म्हंजे तुमीच का?"

सुनयना तिथंच ओट्याला टेकली. कारण बंडूनं चढवलेल्या त्या व्हिडिओत गात होती त्याची आई, मथुरामावशी. आणि गाणंही मथुरामावशीचंच होतं.

ओवी झाली तेव्हा मावशी सव्वा महिना मावल्याला, सुनयनाच्या घरी येऊन राहिली होती, बाळाला न्हाऊ-माखू घालायला. लेकरू रडायला लागलं की पाळण्याची दोरी हातात धरून ती गायची,

निज माझे बाई, बोंडात कापूस निजला,
चाक थांबलं गाडीचं, धुरळा बी बसला.

"कोणाचं हो हे गाणं?" सुनयनानं तेव्हाच विचारलं होतं.

"कोनाचं असंन व माय? माहंच. आलं तसं जोडलं."

गेल्या दिवाळीनंतर सुनयनाच्या मनात आलं, हे गाणं जगभरच्या आयांना द्यावं. फुकट. तिनं पंखा बंद केला, उशांची भिंत रचली आणि घाम पुसत पुसत गाणं मोबाइलवर गायलं. इंटरनेटवर चढवायचं काम चुलतदीर राजकुमारकडे दिलं. त्याची साउंड सर्व्हिस होती. लग्नातले भोंगे आणि इंटरनेट ही त्याच्या मते एकच विद्या.

"वहिनी, गीतकार कोण लिहू?"

"मथुराबाई."

"त्यांचा ईमेल?"

"मावशीला ईमेल कुठला?"

"मग पॅन कार्ड? बँकेला जोडलेला मोबाइल?" राजकुमार हताश झाला. "वहिनी, हा रकाना रिकामा सोडला तर पुढंच जात नाही. तुमचं नाव टाकून देतो सध्या. मग बदलू."

"बदलता येतं ना?"

"सगळं बदलता येतं आजकाल." आणि त्यानं खालच्या चौकोनात बरोबरची खूण केली.

"ही कशाची?"

"गीतकारांची संस्था असते मुंबईत. जिथं जिथं गाणं वाजंल तिथून तुमच्या वतीनं वसुली करते. त्यांचं सभासदत्व आहे हे."

"पण मला वसुली नको. फुकट द्यायचंय."

"फुकटच आहे वहिनी. ही नुसती खूण आहे."

इथपर्यंत सगळा दोष राजकुमारच्या माथी मारता आला असता. सुनयनानं तसा प्रयत्नही करून पाहिला. पण पुढचं तिचं तिलाच ठाऊक होतं. 'गीतकार: सुनयना' ही अक्षरं पहिल्यांदा दिसली तेव्हा ती त्यांच्याकडे बराच वेळ बघत बसली होती. ओवी झाल्यापासून तिचं नाव फक्त गॅसच्या पुस्तकावर आणि लशींच्या कार्डावर येत होतं. ते इथं फारच छान दिसत होतं. ओवीच्या शाळेतल्या आयांच्या ग्रुपवर कोणी विचारलं, "तू स्वतः केलंस?" तर तिनं नुसते जोडलेले हात पाठवले होते. त्या नमस्काराचा अर्थ हो होत नव्हता, नाहीही होत नव्हता. पुढं महिला दिनाला शाळेनं तिला शाल दिली. तीही तिनं घेतली.

ओट्यापाशी उभ्यानंच तिनं मुंबईच्या त्या संस्थेला फोन लावला.

"नमस्कार. माझं एक गाणं आहे तुमच्याकडे. ते मला सगळ्यांना फुकट द्यायचंय."

"तसं नाही देता येणार मॅडम," पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या. "हक्क तुम्ही आमच्याकडे सोपवलेत."

"अहो, पण माझंच गाणं ना?"

"तुमचंच. म्हणून तर तुमच्या वतीनं आम्ही सांभाळतोय."

"ज्यांचा व्हिडिओ बंद केलात ना, त्या आमच्या मावशी आहेत."

"हरकत नाही. त्यांच्या नावानं लेखी परवानगी द्या. मी, या गाण्याची मूळ गीतकार, अमुक अमुक यांना गाण्यास परवानगी देते. खाली सही. व्हिडिओ लगेच सुरू."

सुनयनानं विचारलं, "आणि समजा, मूळ गीतकार दुसरंच कोणी असेल तर?"

पलीकडे टाइप करण्याचा आवाज थांबला. "मग तुम्ही खोटं प्रतिज्ञापत्र दिलंय का मॅडम?"

"नाही, नाही. सहज विचारलं."

"म्हणजे गाणं तुमचंच आहे ना?"

"हो," सुनयना म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, आजवर रकान्यानं खोटं बोलायला लावलं होतं. हे मात्र तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

संध्याकाळी नवऱ्याला, आलोकला, तिनं सगळं सांगितलं. आलोक तहसील कचेरीत होता, जमिनीच्या नोंदींच्या टेबलावर. त्यानं चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं.

"साधी केस आहे," तो म्हणाला. "मथुरामावशी जमीन कसून राह्यली आणि पट्टा निघाला तुझ्या नावावर."

"मग असं झालं की तुम्ही काय करता?"

"आम्ही? ज्याच्या नावावर निघाला त्याला बोलावतो. तो म्हणतो, साहेब, मला काहीच माहीत नव्हतं, आपोआप चढलं." त्यानं कप ठेवला. "सगळे असंच म्हणतात."

"मी तसं नाही म्हणणार. रविवारी बेल्याला जाते आणि मावशीचे पाय धरते."

पुढचे तीन दिवस ती पोळ्या लाटताना मनात वाक्यं जुळवत होती. मावशी, मी तुमचं गाणं चोरलं. हे फार कडक वाटलं. मावशी, जरा चूक झाली. हे फार पातळ. शेवटी 'मावशी, तुमचं नाव लिहायला हवं होतं, मी माझं लिहिलं,' या वाक्यावर तिचं मन बसलं.

पण शनिवारी सकाळीच दारात मोटारसायकल थांबली. बंडूच्या मागून मथुरामावशी उतरली. हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी, डोक्यावरून पदर. एरवी ती दारातूनच "काय व पोरी, कोठी हायेस?" म्हणत थेट ओट्यापाशी यायची. आज उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"येऊ का जी आतमंदी?"

"मावशी, तुम्ही मला कधीपासून जी म्हणायला लागलात?"

मावशी आत आली आणि खुर्ची सोडून खाली बसली. ओवी धावत येऊन तिच्या मांडीवर चढली.

"बाई, चुकी झाली माह्यी," मावशी म्हणाली. "बंडूनं वाचून दाखवलं. गानं तुमचं हाये म्हने. मले काय मालूम? बंडू पाळन्यात होता तवापासून म्हनून राह्यले मी, तुमाले न पुसता."

"मावशी, ऐका. गाणं तुमचंच आहे. तुमचं नाव लिहायला हवं होतं, मी माझं लिहिलं."

मावशीनं बंडूकडे पाहिलं. "पाह्य. मी म्हनलं नव्हतं तुले? लई मोठ्या मनाची हाये पोरगी."

"मोठं मन नाही हो. खरंच सांगतेय."

"आता शिकले-सवरलेले लोक असंच बोलतेत," बंडू समजूतदारपणे म्हणाला. "ताई, तुमचं खरं असतं तर कंपनीनं आईचं नाव नसतं का लिवलं? थे काय पाह्यल्याबिगर लिवतेत?"

"मी लिहिलं बंडू. मी."

"हो ना. तुमी लिवलं, म्हनून तुमचं." बंडूनं खिशातून घडी केलेला कागद आणि पेन काढला. "उद्या मामाच्या नातीचं बारसं हाये. आई म्हने, बाईले पुसल्याबिगर मी तोंड उघडनार नाई. गाव वाट पाहून राह्यलं. म्हनून कंपनीले पुसून मजकूर लिवूनच आनला. फक्त सही पायजे."

कागदावर सुबक अक्षरात होतं: 'मी, या गाण्याची मूळ गीतकार, मथुराबाई यांना सदर गाणे गाण्यास परवानगी देते.'

सही केली तर चोरी पक्की. नाही केली तर उद्या मावशी पाळण्यापाशी गप्प बसणार. मावशी पदराचं टोक चाळवत, शाळेतल्या मुलीसारखी तिच्याकडे पाहत होती. सुनयनानं पेनाचं टोपण काढलं.

ओवी मघापासून बंडूच्या मिशीतल्या पांढऱ्या केसांकडे बघत काहीतरी हिशेब करत होती. ती आईकडे वळली.

"आई, बंडूमामा पाळण्यात होता तेव्हा तू केवढी होतीस?"